वॉल्टरचं पान

आमच्या घरात एका जिवंत माणसाचं श्राद्ध तीन पिढ्या चालू होतं. ते त्याला चांगलंच मानवलं असावं, कारण तो आता एकशेएक वर्षांचा आहे.

हा माणूस म्हणजे वॉल्टर, राहणार अमेरिका. माझे आजेसासरे दुसऱ्या महायुद्धात मंडणगडच्या डोंगरातून उठून थेट आसामच्या जंगलात गेले होते. तिथे अमेरिकन आणि आपले जवान मिळून ब्रह्मदेशाकडे जाणारा रस्ता करत होते. आपले लोक दगड फोडायचे, अमेरिकन लोक ट्रक चालवायचे आणि दोघांनी मिळून केलेला रस्ता पाऊस वाहून न्यायचा. वॉल्टर ट्रकवाला. आजेसासऱ्यांना हिवतापाने धरलं, त्यात ट्रक चिखलात रुतला, तेव्हा या पठ्ठ्याने त्यांना पाठुंगळीला घेऊन इस्पितळाच्या तंबूपर्यंत आणलं. आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा ट्रक दरीत गेल्याची बातमी तंबूत आली. आजेसासरे तापातून उठले तोवर पलटण हललेली होती. वॉल्टर त्यांच्या लेखी गेला तो गेलाच.

घरी परतल्यावर पहिल्याच सर्वपित्रीला त्यांनी एक पान जास्त मांडायला लावलं.

"तेच्या मुलखात कावळं असतीलबी," ते म्हणाले म्हणे, "पन पान वाडनारा कोन हाय तेला? मी वाडीन. माज्या माघारी माजा पोरगा वाडील."

भटजींनी गोत्र विचारलं. अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरचं गोत्र कोण सांगणार! गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं, असं शास्त्र आहे, त्यामुळे वॉल्टर काश्यपगोत्री झाला. (आमचंही गोत्र काश्यपच. म्हणजे तसा तो भाऊबंदच निघाला!)

बाकी सगळं रीतसर व्हायचं. कावळा तेवढा शिवत नव्हता. आमच्या पितरांच्या पानांवर तुटून पडायचा आणि वॉल्टरच्या पानाकडे ढुंकून बघायचा नाही. पुढे माझे सासरे अण्णा मुंबईची गोदीतली नोकरी संपवून रत्नागिरीत मांडवीला राहायला आले, तेव्हा त्यांना वाटलं की जागा बदलली, आता तरी शिवेल. पण मांडवीचे कावळे किनाऱ्यावरची मासळी खाऊन माजलेले. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची उसळ हे त्यांच्या दृष्टीने पथ्याचं जेवण! अण्णांनी पानावर बिस्किटं ठेवून बघितली, कॉफी ठेवली, एकदा तर चुलतदिरांच्या खिशातली सिगारेटसुद्धा ठेवली. ती सिगारेट कावळ्याने नाही, चुलतदिरांनीच परत नेली.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालेली, हायस्कुलात शिकवणारी सून म्हणून माझं फार कौतुक होतं. पहिल्याच सर्वपित्रीला अण्णांनी मला मागल्या दारी बोलावलं.

"गो सूनबाय, तुला इंग्लिश येतंय ना? मग तू बोल तेच्याशी. तेला मराटी काय कळनार?"

नवी नवरी मी. काठपदराची साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन गडग्यासमोर उभी राहिले. (गडगा म्हणजे आमच्याकडची चिऱ्यांची बुटकी कुंपणभिंत. पानं तिच्यावरच ठेवतात.) हात जोडले आणि म्हटलं, "वॉल्टर सर, प्लीज कम अँड ईट!"

कावळा उडून गेला.

"काय सांगितलंस तेला?" अण्णांनी विचारलं.

"या आणि जेवा."

"मग गेला कशाला?"

माझ्या इंग्रजीवर या घरात पहिला संशय त्या दिवशी घेतला गेला. तो अजून पुरता फिटलेला नाही. तरी दर सर्वपित्रीला मी कावळ्यांशी इंग्रजीत बोलत आले. शेजारी आधी हसायचे, मग त्यांनाही सवय झाली.

गेल्या श्रावणात एके सकाळी आमचे हे मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आले. हे म्हणजे माझे यजमान. फार अबोल माणूस. आमटीत मीठ पडलं नसलं तरी बोलणार नाहीत, नुसते मिठाच्या बरणीकडे बघतील. ह्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. रत्नागिरीकरांच्या कुठल्याशा ग्रुपवर एका परदेशी मुलीने एक जुना फोटो टाकला होता. ट्रकला टेकून दोन तरुण शिपाई. एक गोरा, एक आमचे आजेसासरे! हाच फोटो आमच्या माजघरात चंदनाच्या हारासकट लटकतो आहे. खाली तिने लिहिलं होतं, की माझे आजोबा वॉल्टर यांचा हा युद्धातला मित्र रत्नागिरी भागातला होता, त्याच्या घरचं कोणी आहे का? आजोबा रोज विचारतात.

विचारतात! 'विचारायचे' नाही, 'विचारतात'. माझ्या हातातली पळी पातेल्यात पडली.

अण्णा पडवीत चहा पीत होते. त्यांना सांगितलं. अण्णांनी बशी हळूच खाली ठेवली.

"जित्ता हाय?"

"हो अण्णा. ट्रक दरीत गेला, पण त्यांनी आधीच उडी मारली होती, असं तिने खाली लिहिलंय."

"आत्ता जित्ता हाय?"

"आत्ता बहुतेक झोपले असतील."

अण्णा एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हनून कावळा शिवत नव्हता! कावळ्याला ठावं व्हतं, आमालाच नाय!" पण हा आनंद चहा निवेपर्यंतच टिकला. मग त्यांचा चेहरा उतरला. "अगो, पन आमी जित्त्या मानसाला पान वाडत आलो. आमच्यापायी तेचं काय वाईट झालं तर?"

ज्याचं आजवर काही वाईट झालं नाही, त्याचं आता काय होणार, असं मी म्हणून बघितलं. अण्णांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही. आपलं मन असतंच तसलं!

त्या मुलीचं नाव एमिली. ती कामानिमित्त मुंबईला येणार होती आणि एक दिवस रत्नागिरीत येऊन आम्हाला भेटणार होती. तिला नेमका एकच दिवस मोकळा होता. मी कालनिर्णय उघडलं आणि मटकन खाली बसले. सर्वपित्री अमावास्या!

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ब्लडप्रेशरची गोळी एकाच्या जागी दोन घ्यावी की काय, असं वाटू लागलं. ती पोर सातासमुद्रापलीकडून प्रेमाने यायची आणि बघायची काय, तर तिच्या जिवंत आजोबांचं श्राद्ध! फोटोला हार! काय समजेल ती? आणि तिने तिकडे फोन करून त्या एकशेएक वर्षांच्या म्हाताऱ्याला सांगितलं, त्याने धसका घेतला, तर? जो माणूस युद्धातून वाचला, दरीतून वाचला, तो आमच्या वड्यांमुळे जायचा!

"या वर्षी पानच नको," मी अण्णांना म्हटलं.

"बापाला शबुद दिलाय मी," अण्णा म्हणाले. "तो मरताना माजा हात धरून बोलला व्हता, वाल्टरचं पान चुकवू नको. मी जित्ता असताना चुकवनार नाय."

शेवटी भटजींना विचारलं. भटजी म्हणाले की असं प्रकरण त्यांच्या पोथीत नाही. मग डोकं खाजवलं, सुपारी कातरली आणि निवाडा दिला, "पान वाढा, म्हणजे शब्द राहील. पण मंत्र नको, नाव नको. आणि काही झालं तरी त्या पानाला कावळा शिवता कामा नये. शिवला तर... नको, आपण बोलायला नको." एवढं अर्धवट सांगून ते पुढच्या यजमानांकडे स्कूटरवरून निघून गेले.

माणसाने वाक्य पूर्ण करावं! त्या "तर"ने अण्णांची उरलीसुरली झोपही गेली. इतकी वर्षं शीव रे बाबा म्हणून ज्याच्या हातापाया पडलो, त्या कावळ्याला आता शिवू द्यायचं नव्हतं.

मी घरात सक्त ताकीद दिली. श्राद्ध हा शब्द काढायचा नाही. पितर म्हणायचं नाही. अण्णांकडून शपथ घेतली. कामाला येणाऱ्या बाईंना बजावलं. शेजाऱ्यांना सांगितलं की पाहुणीसमोर कावळ्यांचा विषय नको. आणि बेत असा ठरवला, की गाडी नेहमीसारखी उशिरा येईल, तोवर सगळं उरकून, पानं आवरून, घर कसं साधं रविवारचं घर करून टाकायचं.

त्या दिवशी गाडी वेळेवर आली! इतक्या वर्षांत या मार्गावरच्या गाडीने माझा असा विश्वासघात कधी केला नव्हता.

हे तिला आणायला स्टेशनवर गेले होते. ह्यांचा मेसेज आला, "निघालो." मी फोटोचा हार काढायला माजघरात धावले. मागून अण्णा ओरडले, "बापाचा हार कशाला काडतंस? तो तर गेलाय ना!" तेही खरंच. अर्धा फोटो गेलेला, अर्धा जिवंत. मग मी हार आजेसासऱ्यांच्या बाजूला सरकवून खिळ्याला दोऱ्याने बांधला. दोरा सुटला, हार घसरला आणि नेमका एकट्या वॉल्टरच्या गळ्यात जाऊन पडला. मी फोटोवर टॉवेल टाकला. भिंतीवर टॉवेल का वाळत घातलाय, याचं उत्तर नंतर शोधू म्हटलं.

तेवढ्यात मागल्या दारी आरडाओरडा ऐकू आला. धावत गेले. गडग्यावर पानं मांडलेली. आमच्या पितरांची पानं अण्णांनी कावळ्यांना मोकळी सोडली होती, तिकडे एकही कावळा नव्हता. सगळे वॉल्टरच्या पानाभोवती! आजवर ज्या पानाकडे बघितलं नाही, त्यावर त्या दिवशी मांडवीच्या सगळ्या कावळ्यांचा डोळा होता. आणि एक्याऐंशी वर्षांचे माझे सासरे, सोवळं नेसून, छत्री उघडून, एका हाताने पान झाकत होते आणि दुसऱ्या हाताने काठी फिरवत होते.

"हाड! हाड मेल्यानू! तिकडं जावा, माज्या बापाचं खावा!"

"अण्णा, हळू! पाहुणी येईल!"

"येऊ दे! आदी तेचा जीव वाचवूया!"

मीही फडकं घेऊन धावले. एक कावळा छत्रीखालून शिरायला बघत होता. मी त्याच्यावर ओरडले आणि सवयीने इंग्रजीतच ओरडले, "वॉल्टर सर, प्लीज डोन्ट ईट!"

मागचं फाटक वाजलं. फाटकात आमचे हे उभे होते आणि त्यांच्याशेजारी पाठीला मोठी पिशवी लावलेली एक उंच, लालसर केसांची मुलगी. ह्यांनी तिला पुढच्या दाराने आणायचं सोडून मागच्या आळीने का आणलं, हे विचारायला तेव्हा वेळ नव्हता.

एमिलीने एकदा अण्णांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, मग पानाकडे. तिने पिशवी खाली टाकली आणि दोन्ही हात हलवत कावळ्यांवर धावून गेली. तिच्या उंचीला घाबरून म्हणा किंवा तिच्या ओरडण्याला म्हणा, कावळे पळाले. मग तिने ते पान अलगद दोन्ही हातांवर उचललं, पडवीत आणलं, मांडी घालून खाली बसली आणि समोर ठेवलं.

"मी हे जेवू?" तिने इंग्रजीत विचारलं.

"नको नको! ते थंड झालंय! उन्हात होतं! मी तुला गरम वाढते, दुसरं पान..."

"नको. हेच," ती म्हणाली आणि वडा तोडून खिरीत बुडवला.

अण्णा खांबाला धरून उभे होते. "गो, ती तेच पान खातेय! तिला थांबव!"

"कसं थांबवू? काय सांगून थांबवू?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे शांतपणे तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरत होते. एमिलीने वडे संपवले, उसळ संपवली, भोपळ्याची भाजी संपवली, अळू जरा जपून खाल्लं. पान चाटूनपुसून साफ केलं. कधी कोणी न शिवलेलं ते पान रिकामं बघून अण्णांना घाम फुटला. त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते मला दिसत होतं. पान तर शिवलं गेलं. कावळ्याने नाही, नातीने. याला शास्त्रात काय म्हणतात?

एमिली हात धुऊन आली. तिने फोन काढला. "आता आजोबांना फोन लावते. तिकडे पहाट आहे, पण ते पहाटेच उठून बसलेले असतात. आज तर वाटच बघत असतील."

व्हिडिओ कॉल लावला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

"असं कधी होत नाही," एमिली म्हणाली.

अण्णांना इंग्रजी येत नाही, पण न उचललेला फोन कुठल्याही भाषेत कळतो. ते पडवीच्या पायरीवर बसले. एमिलीने पुन्हा लावला. पुन्हा घंटी. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मनात नको नको ते येत होतं. मला खरोखर रडू यायला लागलं. ज्या माणसाला मी कधी बघितलं नाही, ज्याला आयुष्यभर 'प्लीज ईट' म्हणत आले, तो आता जेवला असेल तर काय, या विचाराने मला रडू येत होतं!

"गेला," अण्णा पुटपुटले. "आमी मारला तेला."

तिसऱ्यांदा लावला. घंटी वाजली, वाजली आणि एकदम पडद्यावर कोणाचं तरी कपाळ दिसलं. नुसतं कपाळ. मग छत. मग एक सुरकुतलेला, हसरा चेहरा आला.

"कानातलं मशीन सापडत नव्हतं!" वॉल्टर म्हणाले.

अण्णांनी दोन्ही हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "सूनबाय, तेला सांग. सगळं खरं खरं सांग. आमी तुजा म्हाळ घालत व्हतो, माफी कर म्हनावं."

शपथ घेऊनही अण्णा असे ऐनवेळी उलटले! मी घसा खाकरला. माझ्या शिक्षकी आयुष्यातलं सगळ्यात अवघड भाषांतर होतं ते. म्हटलं, "सर, आमचे सासरे म्हणतात की दर वर्षी आम्ही तुमच्या सन्मानार्थ एक छोटंसं स्नेहभोजन ठेवतो."

"एवडंच?" अण्णा संशयाने म्हणाले. "मी केवडं बोललो!"

वॉल्टर हसले. "स्नेहभोजन नाही हो. मेलेल्या माणसाचं जेवण. मला ठाऊक आहे सगळं. एमिली, जेवलीस का माझ्या वाटचं?"

"सगळं," एमिली म्हणाली. "अळूसुद्धा."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. वॉल्टर सावकाश बोलत होते, मी अण्णांना सांगत होते. ते म्हणाले, माझ्या वयाची माझी सगळी माणसं गेली. मला वाटायचं, त्या रस्त्यावरचा मी कोणाला आठवत असेन? आणि इकडे जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी दर वर्षी माझं ताट वाढून ठेवत होतं. मला प्रवास झेपत नाही, म्हणून मी नातीला सांगितलं, त्याच दिवशी जा आणि माझ्या नावचं तू जेव. म्हणजे त्या माणसाचा शब्दही राहील आणि कावळ्याची वाटही बघायला नको.

मग त्यांनी अण्णांकडे निरखून बघितलं. "तू त्याचा मुलगा ना? तुझ्या जन्माची बातमी आमच्या तंबूत आली होती. तेव्हा मी माझ्याजवळचा पीचच्या फोडींचा डबा फोडला होता. आम्ही दोघांनी चमच्याने खाल्ला. तुझं बारसं आम्ही त्या जंगलात केलं, पोरा!"

एक्याऐंशी वर्षांचा तो 'पोरगा' तोंडावर उपरणं धरून हुंदके देऊन रडला. मग अण्णांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "तेला इचार, पोट भरलं काय?"

मी विचारलं. "भरलं," वॉल्टर म्हणाले. "तुझ्या वडिलांचा शब्द पुरा झाला. पुढच्या वर्षी मात्र मला फक्त वड्यांचा फोटो पाठवा."

फोन ठेवल्यावर मी एमिलीला गाठलं. "तुला हे सगळं सांगितलं कोणी?"

तिने बोट दाखवलं. कोपऱ्यात आमचे हे कोकम सरबत ढवळत उभे होते. महिनाभर हे रोज वॉल्टरना मेसेज करत होते! सर्वपित्री, पान, काश्यप गोत्र, कावळे आणि माझं इंग्रजी, सगळं तपशीलवार! हा दिवससुद्धा ह्यांनीच ठरवला होता.

"अहो, मग मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठे?" हे म्हणाले आणि सरबताचा पेला माझ्या हातात दिला.

आता हेही खरंच. तोंड उघडू नका म्हणून मी अण्णांना बजावलं, कामवाल्या बाईंना बजावलं, अख्ख्या आळीला बजावलं. ह्यांना तेवढं बजावलं नाही, कारण संसाराला इतकी वर्षं झाली तरी हा माणूस बोलू शकतो, याची मला कल्पनाच नव्हती!